होडी

स्वाहिली भाषेत कुणाच्याही दारात गेल्यावर बाहेरूनच ‘होडी’ अशी हाक द्यायची असते. दार सताड उघडे असले, आतली माणसे डोळ्यांसमोर बसलेली दिसत असली, तरी उंबरठ्याच्या अलीकडे थांबून ही हाक द्यायची आणि आतून ‘करीबू’ असे उत्तर येईपर्यंत पाऊल आत टाकायचे नाही. उत्तर आले नाही तर थोडे थांबून पुन्हा हाक द्यायची, आणि तरीही कुणी बोलले नाही तर मुकाट्याने परत फिरायचे. टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावर, म्वांझा शहरापासून बसने दोन तासांवर असलेल्या एका गावात मी २०१३ ते २०१५ अशी दोन वर्षे मिशनरी म्हणून राहिले, तेव्हा हा शब्द मी पहिल्याच संध्याकाळी शिकले. समोर काठाला होड्या बांधलेल्या होत्या आणि दारोदार हा शब्द कानावर पडत होता, त्यामुळे अर्थ कळूनही कुणीतरी पलीकडे जायला नाव मागत आहे असेच मला कितीतरी दिवस वाटत राहिले.

आता त्याला दहा वर्षे होऊन गेली. मी पुण्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने परदेशी सेवेला जायचे मनात आणले की त्यांचे आईवडील त्यांना माझ्याकडे बोलायला पाठवतात. मुले विचारतात ते सगळे कामाबद्दल असते. किती वाजता उठायचे, उपदेश कसा तयार करायचा, आजारी पडले तर काय करायचे. मी त्यांना सगळ्यात आधी होडीबद्दल सांगते, आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसते, कारण कुणाच्या तरी दारात थांबून राहणे हे त्यांना काम वाटत नाही. त्यांच्या वयाची असताना मलाही ते काम वाटले नव्हते.

मी गुरुवार पेठेत वाढले. पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाचा मनोरा आमच्या गच्चीवरून दिसायचा, आणि रविवारी सकाळी घंटा सुरू झाल्या की आमच्या घरात वेणीफणीची घाई उडायची. वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये होते, आई बालवाडी चालवायची. वाड्यात आमचे एकच ख्रिस्ती बिऱ्हाड होते, पण वाड्याने आम्हांला कधी वेगळे धरले नाही. नाताळचे अनारसे आणि करंज्या आईने सात घरी पाठवायच्या आणि दिवाळीत सात घरांची ताटे आमच्याकडे यायची, हा हिशेब मला कळायला लागल्यापासून चालत आलेला होता. मी निघण्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी घेऊन आल्या. बरणी माझ्या हातात देताना त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारले, “तिथे जाऊन तू लोकांना बाटवणार का गं?” त्यांच्या विचारण्यात विखार नव्हता. ज्या मुलीची दुखणीखुपणी आपण काढली ती उद्यापासून कोण होणार आहे, याची ती खरीखुरी काळजी होती. मी एवढेच म्हणाले, “नाही हो काकू, मी तिथल्या दवाखान्यात काम करणार आहे.” ते खोटे नव्हते, पण ते पूर्ण उत्तरही नव्हते, आणि ते अपुरेपण सामानाबरोबर घेऊनच मी विमानात बसले. विमानतळावर मी “जाते” म्हणाले, तशी आई म्हणाली, “जाते म्हणू नये. येते म्हण.”

जाण्याच्या तयारीत चार महिने गेले होते. पीतज्वराची लस टोचून घेतल्याची पिवळी पुस्तिका, परवान्याचे कागद, आणि मंडळीतल्या चाळीसेक कुटुंबांनी दरमहा शंभर, दोनशे, कुणी पाचशे रुपये देण्याचे दिलेले वचन, एवढ्यावर मी निघाले. दार-एस-सलामहून म्वांझापर्यंतचे अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे. ते मी बसने गेले. वाटेत गोरखचिंचेची प्रचंड, फुगलेल्या खोडांची झाडे लागली, आणि शेवटी एकावर एक रचून ठेवल्यासारखे दगडांचे डोंगर आणि त्यांच्यामागे ते सरोवर. व्हिक्टोरिया सरोवराचा विस्तार सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठा. पलीकडचा काठ दिसत नाही. खडकवासल्याचे पाणी पाहत वाढलेल्या डोळ्यांना ते पाणी आहे हे पटायलाच वेळ लागला.

दिवसाची घडी लवकर बसली. पहाटे साडेपाचला उठायचे, पंपावरून दोन पिवळे कॅन भरून आणायचे, प्रार्थना करायची, चहाबरोबर तळलेला मांदाझी खाऊन दवाखान्यात जायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वर्षांखालच्या मुलांची वजने असत. आंब्याच्या फांदीला तराजू टांगलेला असायचा, त्याच्या कापडी झोळीत मूल बसवायचे, ते रडून शांत होईपर्यंत काट्याकडे पाहत राहायचे आणि आकडा आईजवळच्या कार्डावर आणि आमच्या वहीत लिहायचा. दुपारी भाषेचा अभ्यास, संध्याकाळी घरोघर भेटी. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे वर्षभर दिवस जवळपास सारखाच राहतो. सात वाजले की अंधार, मग कंदील, डास आणि मच्छरदाणी. हे सगळे सांगायला सोपे आहे आणि करायलाही फार अवघड नव्हते. अंगमेहनतीने मी थकले, पण खचले कधीच नाही.

मी खचले ती घड्याळाने. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजलेला, दुपारचे बारा म्हणजे सहा. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण ठाऊक असणे वेगळे आणि अंगवळणी पडणे वेगळे. दुसऱ्याच महिन्यात एका गरोदर बाईला घेऊन मोठ्या रुग्णालयात जायचे ठरले. ती ‘तीन वाजता’ म्हणाली आणि मी दुपारी तीनला तिच्या दारात गेले. तिचे तीन म्हणजे सकाळचे नऊ होते. धुतलेला कांगा नेसून, गाठोडे मांडीवर घेऊन ती सहा तास ओट्यावर बसून राहिली होती. ती रागावली नाही. उलट मलाच म्हणाली, “पोले,” म्हणजे तुला त्रास झाला, वाईट वाटते. पोटातल्या मुलाला काही झाले नाही, दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, सगळे नीट पार पडले. पण त्या रात्री मी झोपले नाही. आपण मदत करायला आलेलो आहोत आणि ज्यांना मदत करायची त्यांनाच आपल्याला सांभाळून घ्यावे लागत आहे, हे मला पहिल्यांदा इतके स्वच्छ दिसले.

भाषेने तर माझे वयच काढून घेतले. पुण्यात मी तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली, रात्रपाळीत अख्खा कक्ष सांभाळणारी मुलगी होते. तिथे बाजारात मीठ मागतानाही मला तालीम करावी लागे. मराठीत शब्दाचे शेपूट बदलते, स्वाहिलीत डोके बदलते. म्तोतो म्हणजे मूल आणि वातोतो म्हणजे मुले. कितांबू नव्हे, किताबू म्हणजे पुस्तक, आणि अनेक पुस्तके झाली की त्यांचे वितांबू नव्हे, विताबू होतात. हे अनुस्वार माझ्या जिभेवर कुठून यायचे कोण जाणे, पण शाळकरी पोरे ते न चुकता दुरुस्त करीत. ओळखीचे शब्दही पुष्कळ होते, काही आपल्याकडून समुद्रावरून गेलेले, काही अरबीतून दोन्ही किनाऱ्यांना पोचलेले: चाय, चपाती, पेसा, गाडीला गारी, दुकानाला दुका, हिशेबाला हेसाबू, साबणाला साबुनी. नात्यांचे शब्द मात्र सगळे अदलाबदल झालेले होते. तिथे मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. गावातली मुले मला ‘दादा’ म्हणत धावत येत, आणि माझ्या थोरल्या भावाला ज्या हाकेने मी जन्मभर बोलावत आले ती हाक उलट माझ्याकडे येताना ऐकून माझ्या पोटात दर वेळी काहीतरी हलत असे.

एका शब्दाने मात्र मला पहिल्या दिवसापासून जवळ घेतले. वडीलधाऱ्या माणसाला भेटले की ‘शिकामो’ म्हणायचे असते. त्याचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरते’ असा सांगतात, आणि त्यावर वडीलधारे माणूस ‘मराहाबा’ म्हणून त्याचा स्वीकार करते. वाकून पाया पडण्याची रीत आमच्या घरात मावळत चालली होती. इथे मी दिवसातून वीस वेळा तोंडाने पाय धरत होते, आणि ज्या म्हातारीला आजूबाजूचे सगळे नुसते ‘बीबी’, म्हणजे आजी म्हणत, ती माझी घरमालकीण हे ऐकल्याशिवाय माझ्याशी एक शब्दही बोलत नसे. बीबीची स्वतःची भाषा किसुकुमा होती, स्वाहिली तिला बेताचीच येई. त्यामुळे आम्ही दोघीही परक्या भाषेत बोलत होतो, आणि कदाचित म्हणूनच आमचे जमले.

चौथ्या महिन्यात मला मलेरिया झाला. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर टाकला आणि दोन रेघा उमटल्या. रोज दुसऱ्यांच्या पट्ट्या वाचणाऱ्या मला स्वतःची पट्टी वाचताना हात कापत होते. तीन दिवसांत चोवीस गोळ्या घ्यायच्या होत्या, दर वेळी चार, आणि पोटात काही असल्याशिवाय त्या टिकत नाहीत. काहीही खाल्ले तरी उलटून पडत होते. दुसऱ्या रात्री बीबी हातात ॲल्युमिनियमचे पातेले घेऊन दारात आली आणि तिच्याच घराच्या त्या खोलीच्या दारात थांबून तिने ‘होडी’ म्हटले. मी करीबू म्हणेपर्यंत ती थांबली. घशातून आवाज निघायला मला वेळ लागला, तरी ती थांबली. मग आत येऊन तिने माझे डोके मांडीवर घेतले आणि चमच्याने मला उजी, म्हणजे पेज, भरवली. पहिला घोट तोंडात गेला आणि मी डोळे उघडले. ती नाचणी होती. साखर घातलेली, लिंबू पिळलेली, पण रंग तोच, ती जिभेवर येणारी बारीक खरखर तीच, आणि मागून येणारा मातीसारखा वास तोच. आजारपणात आई ताक घालून जी आंबील करायची तिचीच ही बहीण होती. नाचणीला तिथे उलेझी म्हणतात. हे धान्य मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलेच, आणि हजारो वर्षांपूर्वी ते तिथून आपल्याकडे आले, हे मी नंतर वाचले. त्या रात्री मात्र मी फक्त रडत होते आणि बीबी “पोले, पोले” म्हणत भरवत होती.

बरी होत असताना अंथरुणात पडल्या पडल्या मला माझ्या आजीचे बोलणे आठवत असे. आजी नाशिकच्या शरणपूरची. आमच्या शरणपुरात पूर्वी आफ्रिकेतली मुले शिकत होती, असे ती सांगायची आणि आम्हांला ती गोष्ट वाटायची. ती गोष्ट नव्हती. एकोणिसाव्या शतकात अरबी गलबतांवरून गुलाम म्हणून नेली जाणारी मुले इंग्रजांच्या आरमाराने सोडवली, त्यांतल्या अनेकांना मुंबईत उतरवले, आणि त्यांतली कितीतरी नाशिकजवळच्या या मिशनच्या वसाहतीत वाढली, सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे शिकली. पुढे त्यांतले काही जण परत आफ्रिकेत गेले. जेकब वेनराइट हा त्यांतलाच. १८७३ साली आफ्रिकाभर फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा होता तो हा नाशिकला शिकलेला तरुण. मग त्या सगळ्यांनी ते शव महिनोन्महिने वाहून बागामोयोच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या टांझानियात आणले, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. पुतळे लिव्हिंग्स्टनचे झाले. मला मात्र तापात त्या मुलांचे चेहरे दिसत. त्यांना कुणी ‘तुला परदेशी जायचे आहे का’ असे विचारले नव्हते. लहानपणी घरातून ओढून नेलेल्या, समुद्रापलीकडच्या परक्या गावात वाढलेल्या आणि मोठेपणी पुन्हा त्या मुलखात गेलेल्या त्या मुलांपुढे माझे चाळीस कुटुंबांच्या वर्गणीवरचे परदेशगमन काय होते? आमच्या शब्बाथशाळेत मिशनरींच्या गोष्टी सांगतात, त्यांत जेकबची गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. आता मुलांना ती मी सांगते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी आमच्या वाटेवरच्या एका घरातले अकरा महिन्यांचे बाळ मलेरियाने गेले. पंधरा दिवसांपूर्वी मीच त्याचे वजन केले होते. बातमी पहाटे आली. मी घाईने बायबल काढले, सांत्वनाचा एक उतारा निवडला, दवाखान्यातल्या सहकाऱ्याला उठवून त्याच्या मदतीने छोटी प्रार्थना स्वाहिलीत कागदावर लिहून घेतली आणि निघाले. तिथे कुणाकडे मयत झाली की शेजारपाजार सगळे जमतात. पुरुष बाहेर झाडाखाली, बायका आत चटयांवर. वर्गणी वहीत लिहिली जाते, चूल शेजारणी सांभाळतात, आणि बाकीचे लोक नुसते बसून राहतात. मी आत शिरून बीबीशेजारी बसले आणि कागद उलगडू लागले. बीबीने तो माझ्या हातातून घेतला, त्याची बारीक घडी केली, माझ्या कांग्याच्या गाठीत ती खोचली आणि तांदळाने भरलेले सूप माझ्या मांडीवर ठेवले. मी खडे वेचू लागले. दुपार झाली, लोक जेवले, दुसरे सूप आले. मी तीन दिवस तांदूळ निवडले. जाता-येता ‘पोले’ याच्यापलीकडे मी एक शब्द बोलले नाही आणि कुणी मला बोल म्हणाले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आई, जी तोवर भिंतीकडे तोंड करून पडली होती, माझ्याकडे वळली आणि तिने विचारले, “शेवटचे किती भरले होते?” मला आधी कळले नाही. मग कळले. मी म्हणाले, “किलो साबा ना ग्रामू मिया म्बिली.” सात किलो दोनशे ग्रॅम. तिने तो आकडा स्वतःशी म्हटला. शेजारच्या बाईने म्हटला. मग चटईवरच्या बायका एकामागून एक तो आकडा हलक्या आवाजात म्हणत गेल्या. मी त्या गावात उच्चारलेले हे पहिले वाक्य होते, जे कुणाला तरी खरोखर हवे होते. कागदावरची प्रार्थना माझ्या गाठीतच राहिली. ती अजून माझ्या बायबलात आहे.

त्या महिन्याचा अहवाल भरताना मात्र माझी फार ओढाताण झाली. मला पाठवणाऱ्या संस्थेचा एक छापील तक्ता असे. त्यात घरभेटी किती, नवीन माणसे किती, सभांची हजेरी किती, आणि शेवटच्या रकान्यात निर्णय घेतलेल्यांची, म्हणजे येशूचा स्वीकार केलेल्यांची, संख्या. मी तोवर तो रकाना मोकळा सोडत आले होते. त्या गावात माझ्या कितीतरी आधीपासून चर्च होते, आणि जिथे मलाच प्रार्थनेची गाणी शिकवली जात होती, तिथे मी कुणाचे निर्णय मोजायचे? त्या महिन्यात मी शेरा लिहिला: ‘तीन दिवस तांदूळ निवडले.’ उत्तर आले की अशा नोंदी धरता येत नाहीत. ते पत्र सभ्य होते आणि लिहिणारे माणूस वाईट नव्हते. लोकांच्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो हे मलाही समजते. तरीही मला वाटते, आणि आज अधिकच ठामपणे वाटते, की माणसाच्या दारात उभे राहण्याच्या कामाला संख्येचा रकाना लावला की उभे राहणारा दाराकडे पाहीनासा होतो, त्याचे लक्ष वहीकडे जाते. मी पुण्याच्या त्या चाळीस कुटुंबांना स्वतंत्र पत्र लिहिले आणि सगळे जसे घडले तसे कळवले. एकाही घराने वर्गणी थांबवली नाही. महिना शंभर रुपये देणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी उत्तरात लिहिले होते की आपणही आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखात हेच केले, फक्त त्याला सेवा म्हणतात हे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या वर्षी वरून येणारे पैसे एकदा दोन महिने आलेच नाहीत. बीबी रोज संध्याकाळी मक्याच्या पिठाचे एक भांडे माझ्या दाराशी ठेवून जायची, आणि एखाद्या दिवशी वर कागदात बांधलेले मूठभर डागा, सरोवरातले वाळवलेले बारीक मासे. मी तिच्याकडून उगाली घोटायला शिकले. पीठ शिजत आले की मनगटात कळ येते आणि तेव्हाच थांबायचे नसते. मार्काच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो, तेव्हा सांगतो की काठीशिवाय वाटेसाठी काही घेऊ नका, भाकर नको, झोळी नको, कमरपट्ट्यात पैसा नको. मी हे वचन लहानपणापासून त्यागाचे म्हणून ऐकत आले होते. बीबीचे पीठ खाताना मला ते वेगळे दिसू लागले. रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात हाक द्यावीच लागते, त्याच्या चुलीवरचे खावेच लागते आणि त्याच्या उपकारात राहावेच लागते. ज्याची झोळी भरलेली आहे त्याला कुणाची गरज पडत नाही, आणि मग तो बोलत राहतो.

परतल्यावर एकदा मी मुद्दाम शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात गेले. हा आश्रम मुळात ख्रिस्त सेवा संघाचा. इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली तो संघ स्थापन केला, आणि त्याच संघात १९२७ साली व्हेरियर एल्विन हा पंचवीस वर्षांचा इंग्रज तरुण पुण्याला आला होता. एल्विन पुढे १९३२ मध्ये शामराव हिवाळे या आपल्या मराठी मित्राबरोबर मैकल डोंगरात गोंडांमध्ये राहायला गेला, त्याने चर्चही सोडले आणि १९५४ साली तो भारताचा नागरिक झाला. श्रद्धेच्या बाबतीत माझी वाट त्याच्यापेक्षा वेगळी आहे. मी गेले त्यापेक्षा अधिक विश्वासाने परत आले. पण पुण्यात उतरलेल्या त्या पोराला पहिल्या महिन्यांत काय वाटले असेल, कोणत्या बाईने त्याचा शब्द दुरुस्त केला असेल, कोणी त्याला पेज पाजली असेल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही. आपल्या गावातही परदेशी तरुण आले, आजारी पडले, चुकले आणि इथल्या कुणीतरी त्यांना सांभाळून घेतले. शामराव हिवाळे यांचे नाव तरी राहिले. पाणी तापवून देणाऱ्या, अंथरूण घालणाऱ्या माणसांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

पुण्यातले परतणे जाण्यापेक्षा जड गेले. आमचा वाडा मधल्या काळात पाडला गेला होता आणि आईवडील वानवडीला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होते. दाराला दुहेरी कुलूप, भिंगाचे भोक, घंटी. मी कितीतरी महिने घंटी वाजवून दोन पावले मागे सरून उभी राहत असे, आणि आई म्हणे, “अगं, स्वतःच्या घरात अशी परक्यासारखी काय थांबतेस?” काकू मुलाकडे कोथरूडला गेल्या होत्या. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांची रिकामी बरणी घेऊन गेले. तिच्यात तिथल्या नाचणीचे पीठ भरले होते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी दोन वर्षे उशिराने दिले. मी म्हणाले, काकू, मला कुणी विचारले तेव्हा मी माझ्या येशूबद्दल सांगितले, कारण ते न सांगणे मला खोटेपणाचे वाटले असते. पण बदलले कुणी असेल तर मीच बदलले. काकूंनी पीठ बोटाने चाखले आणि म्हणाल्या, “आपलीच आहे की गं ही.”

गेल्या पावसाळ्यात आमच्या रुग्णालयात डेंग्यू झालेली एक विद्यार्थिनी दाखल झाली. टांझानियाची, वय एकोणीस, कोंढव्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. प्लेटलेट्स उतरल्या होत्या आणि तिने दोन दिवस जेवणाला हात लावला नव्हता. मी रात्रपाळीला तिच्या खाटेशी गेले आणि म्हणाले, “पोले साना.” तिने डोळे उघडून माझ्याकडे असे पाहिले की मी तो क्षण विसरणार नाही. पाचव्या दिवशी तिला घरी सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाचणीची उजी केली, साखर घातली, लिंबू पिळले, डबा भरला आणि कोंढव्याला गेले. तिसरा मजला, दार अर्धवट उघडे, आत पंख्याचा आवाज. मी उंबरठ्यापाशी थांबून हाक दिली, “होडी.” पंखा चालू होता. मी पुन्हा म्हणाले, “होडी.” मग आतून लांबवलेला, थकलेला आवाज आला, “करीबूऽ.”

ती भिंतीला टेकून बसली होती आणि फोनच्या पडद्यावर तिची आई होती. मी पडद्यासमोर जाऊन म्हणाले, “शिकामो, मामा.” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती बाई म्हणाली, “मराहाबा,” आणि लगेच विचारले की डब्यात काय आहे. मी फोन डब्यावर धरला, चमच्याने उजी वर उचलून खाली सोडून दाखवली. तिने नीट निरखून पाहिले आणि सांगितले की पातळ झाली आहे, अशाने पोरीच्या अंगात शक्ती येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी पीठ दीड चमचा जास्त घातले.